पन्नाशीतलं धावणं: कोणती मर्यादा हलते, कोणती हलत नाही

1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं गेलं. हालचाल पूर्ण थांबली तर हृदयाचं आणि स्नायूंचं काय होतं, हे स्वीडिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी व्हीओटू मॅक्स मोजला. जीव तोडून व्यायाम करताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचं हे माप. तीन आठवड्यांत ते एक चतुर्थांशाहून जास्त घसरलं.

तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. पन्नाशीत त्यांचं सरासरी वजन 77 किलोवरून 100 वर गेलं होतं आणि शरीरातली चरबी 14 टक्क्यांवरून 28 वर. तरीही तीस वर्षांत व्हीओटू मॅक्स (वजनाने न भागता, एकूण लिटरमध्ये) घटला होता तो साधारण 12 टक्के, म्हणजे अंथरुणातल्या तीन आठवड्यांत जितका घटला त्याच्या निम्म्याहूनही कमी.

त्यापुढचे आकडे चाळिशी-पन्नाशीतल्या प्रत्येक हौशी धावपटूने नीट पाहावेत असे आहेत. हृदयाचे कमाल ठोके मिनिटाला 193 वरून 181 झाले होते. पण एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त 104 मिलिलिटरवरून 121 झालं होतं, त्यामुळे मिनिटाला हृदयातून जाणारं एकूण रक्त घटलं नव्हतं. घट झाली होती ती स्नायूंकडे. पूर्वी दर 100 मिलिलिटर रक्तातून शरीर 16.2 मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेत होतं, आता 13.8. मग सहा महिने चालणं, हळू धावणं आणि सायकल असा व्यायाम हळूहळू वाढवत नेला, तेव्हा पाच जणांची सरासरी 1966 च्या मूळ पातळीवर परत आली. ही सुधारणा जवळजवळ सगळी स्नायूंमधून आली. हृदयाची कमाल क्षमता वाढली नाही, आणि विशीत व्यायाम करून त्यांनी जी उंची गाठली होती तिथे पन्नाशीत कुणीही पोहोचलं नाही.

माणसं फक्त पाच, आणि तेही सगळे पुरुष, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठा डोलारा उभारता येणार नाही. पण त्यातून दिसणारी विभागणी नंतरच्या संशोधनातही टिकली आहे. वयाने येणाऱ्या मर्यादा एका जातीच्या नसतात. काही हलतच नाहीत, काही व्यायामाने बऱ्याच मागे ढकलता येतात, आणि काही हलतात पण फार सावकाश. मध्यमवयीन धावपटूंच्या अनेक दुखापतींमागे या तिन्हींची गल्लत असते.

न हलणारी मर्यादा म्हणजे हृदयाचे कमाल ठोके. हृदयाची लय ठरवणाऱ्या पेशीसमूहाचा स्वतःचा वेग वयानुसार मंदावतो आणि अॅड्रिनलिनला हृदय पूर्वीइतका जोरात प्रतिसाद देत नाही. कितीही धावलं तरी ही घसरण थांबत नाही. ‘220 वजा वय’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण त्यापेक्षा 2001 मध्ये मांडलं गेलेलं सूत्र बरं: 208 वजा वयाची 0.7 पट. चाळिशीत दोन्ही सूत्रं 180 सांगतात. सत्तरीत मात्र जुनं 150 सांगतं आणि नवं 159. तरीही ही सरासरी आहे. एखाद्याचे खरे कमाल ठोके सूत्रापेक्षा दहाने, कधी त्याहूनही जास्त, वर किंवा खाली असू शकतात. घड्याळाने वयावरून परस्पर आखून दिलेले हार्ट रेट झोन (कोणत्या सरावाला किती ठोके, याचे पट्टे) म्हणूनच अनेकांना चुकीचे लागू होतात: एकाला उगाच रांगायला लावतात, दुसऱ्याला रोज दामटवतात.

मनगटी घड्याळाची आणखी एक खोड माहीत असावी. ते त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची स्पंदनं मोजतं. पट्टा सैल असेल किंवा हात गार असेल, तर स्पंदनांऐवजी ते हाताच्या झोक्याची लय पकडतं. तुमची पावलं मिनिटाला 165 पडत असतील आणि निवांत धावतानाही ठोके 165 च्या आसपास अडकून बसलेले दिसत असतील, तर तो आकडा हृदयाचा नसण्याची शक्यता मोठी. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधा. नेमका आकडा हवा असेल तर छातीचा पट्टा वापरा.

आता वेगाचं गणित. सपाट रस्त्यावर धावायला लागणारा ऑक्सिजन काढायचं एक रूढ सूत्र आहे. दर मिनिटाला किती मीटर कापता ते घ्या, 0.2 ने गुणा आणि 3.5 मिळवा, उत्तर येतं दर किलो वजनामागे दर मिनिटाला मिलिलिटरमध्ये. समजा व्हीओटू मॅक्स याच मापात 45 आहे आणि त्याच्या 80 टक्क्यांवर तुम्ही धावता. मग किलोमीटरला साधारण 6 मिनिटं 9 सेकंद लागतील. व्यायाम न करणाऱ्यांत व्हीओटू मॅक्स दर दशकात सुमारे 10 टक्के घटतो. त्या हिशेबाने तो 40.5 वर आला, की त्याच 80 टक्के श्रमात किलोमीटरला 6:55 लागतात. नेमाने कसून सराव करणाऱ्यांत ही घट निम्म्याच्या आसपास राहू शकते. ती 5 टक्के धरली तर 6:31.

पण जुनाच 6:09 चा हट्ट धरला तर? तर 40.5 वाला धावपटू आपल्या क्षमतेच्या 89 टक्क्यांवर धावत असतो. बहुतेक हौशी धावपटूंसाठी ही पातळी लॅक्टेट थ्रेशोल्डच्या, म्हणजे रक्तात लॅक्टेट झपाट्याने साठू लागतं त्या सीमेच्या, वरची असते. दहा वर्षांपूर्वीची नेहमीची धाव आता शर्यत झालेली असते, आणि ती आठवड्यातून चार वेळा होते. पाय सतत जड, झोप तुटक, सकाळचे विश्रांतीतले ठोके नेहमीपेक्षा वर ही त्याची लक्षणं. उपाय साधा आहे, पण पाळायला कठीण: हलक्या दिवशी पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) बघू नका, बोलून बघा. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. निष्णात धावपटूंच्या सरावातही दहापैकी साधारण आठ सत्रं अशी हलकी असतात. हौशी धावपटू नेमके इथेच चुकतात, त्यांचे हलके दिवस पुरेसे हलके नसतात आणि जोराचे दिवस पुरेसे जोराचे नसतात.

जोर मात्र सोडू नये. वयाबरोबर स्नायूंमधले वेगवान तंतू आधी बारीक होतात. काहींचं मज्जातंतूशी नातं तुटतं आणि शेजारचा संथ मज्जातंतू त्यांना दत्तक घेतो. त्यामुळे वयस्क धावपटूचं पाऊल आखूड पडतं. पावलांची मिनिटातली संख्या फारशी बदलत नाही, पण घोट्यातून मिळणारी रेटण्याची ताकद कमी होते. आठवड्यातून एकदा, नीट वॉर्मअपनंतर, चढावर 10 ते 15 सेकंदांच्या सहा-आठ दौडी पुरतात, प्रत्येकीनंतर चालत खाली यायचं. चढ अशासाठी, की तिथे वेग कमी राहतो, जमिनीचा आदळ कमी बसतो आणि स्नायूंना मात्र पूर्ण जोर लावावा लागतो. पोटरी किंवा टाचेमागची अकिलीस कंडरा आधीच कुरकुरत असेल तर हे नको, कारण चढावर त्यांच्यावरचा ताण वाढतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सावकाश हलणाऱ्या मर्यादेकडे, म्हणजे कंडरांकडे. स्नायूला हाडाशी जोडणारा हा चिवट दोर. टाचेमागच्या अकिलीस कंडरेवर धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. तिचा गाभा किती जुना असतो, हे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये विलक्षण मार्गाने शोधलं. 1955 ते 1963 दरम्यान झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) एकदम वाढला आणि पुढे हळूहळू उतरत गेला. शरीरात जी ऊती ज्या वर्षी घडते, तिच्यात त्या वर्षीच्या कार्बनची खूण राहते. अकिलीसच्या गाभ्यात सापडली ती माणसाच्या पहिल्या सतरा वर्षांतली खूण. म्हणजे पन्नाशीतला धावपटू ज्या कंडरेवर धावतो, तिचा गाभा किशोरवयात घडला आणि त्यानंतर जवळपास नवा झालाच नाही.

याचा अर्थ कंडरा निर्जीव असते असा नाही. ताण दिला की ती हळूहळू अधिक ताठ आणि कणखर होते, पण त्याला महिने लागतात. उलट धावायला लागल्यावर रक्तातला द्रव एक-दोन आठवड्यांतच वाढतो आणि स्नायूंमधली ऊर्जाकेंद्रं काही आठवड्यांत. घात होतो तो इथेच. सहाव्या-आठव्या आठवड्यात दम लागेनासा होतो, उत्साह वाढतो, अंतर आणि वेग दोन्ही एकदम वाढवले जातात, आणि कंडरा अजून पहिल्या महिन्यातच असते.

जोरदार व्यायामानंतर पहिले 24 ते 36 तास कंडरेतलं कोलॅजन बनण्यापेक्षा मोडतं जास्त. त्यानंतर पारडं उलटतं. म्हणून दोन जोराच्या सत्रांमध्ये, किंवा लाँग रन आणि जोराच्या सत्रामध्ये, किमान 48 तास ठेवावेत. पन्नाशीनंतर आम्ही 72 सुचवू. सात दिवसांच्या आठवड्यात हे बसत नसेल तर सरावाचं चक्र नऊ किंवा दहा दिवसांचं करा. शरीराला रविवार कळत नाही.

अंतर वाढवताना आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाच्या धावेवर लक्ष ठेवा. पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या 2025 मधल्या एका अभ्यासात दिसलं, की मागच्या 30 दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव 10 टक्क्यांहून जास्त लांब झाली, तर दुखापतीचा धोका ठळकपणे वाढतो. महिन्यातली सर्वांत लांब धाव 12 किलोमीटर असेल तर पुढची 13 च्या आत. मित्रांबरोबर अचानक 18 करणं म्हणजे नेमका तोच धोका ओढवून घेणं.

पोटरीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहा, तीन सेकंदांत टाचा वर न्या, तीन सेकंदांत पायरीच्या खाली येऊ द्या. आधी गुडघा सरळ ठेवून, मग थोडा वाकवून, कारण वाकलेल्या गुडघ्याने पोटरीतला खोलवरचा सोलियस स्नायू कामाला लागतो आणि धावताना पोटरीतलं सर्वाधिक काम तोच करतो. प्रत्येकी 8 ते 12 चे तीन संच. दोन्ही पायांवर सोपं झालं की एका पायावर, मग पाठपिशवीत वजन घालून. चुका ठरावीक असतात: झटक्याने वरखाली करणं, सरळ म्हणताना गुडघा नकळत वाकणं, आणि महिनोन्महिने वजन न वाढवता तेच करत राहणं. दुखणं टाचेच्या हाडापाशी, कंडरा जिथे चिकटते तिथे असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नका. सपाट जमिनीवरच करा, नाहीतर कंडरा हाडावर दाबली जाऊन दुखणं वाढतं. कुरकुर चालू असताना कमी टाचेच्या बुटांकडे अचानक वळू नका, त्याने पोटरीचा भार वाढतो.

किती दुखलं तर चालेल? कंडरेच्या दुखण्यासाठी वापरला जाणारा एक नियम उपयोगी आहे. शून्य ते दहाच्या मापावर धावताना पाचपर्यंत दुखणं चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे, आणि सकाळच्या पहिल्या पावलांचा ताठरपणा आठवड्यागणिक वाढता कामा नये. हा ताठरपणा रोज लिहून ठेवा; तो कुठल्याही घड्याळापेक्षा खरं सांगतो. हाडाला हा नियम लावू नका. नडगीवर किंवा पायाच्या पंजावर एका बोटाने दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवावं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने काही वर्षं हाडांची घनता वेगाने कमी होते, त्यामुळे त्या वयातल्या धावपटू स्त्रियांनी याबाबत अधिक काटेकोर राहावं. पुरेसं खाणं हाही त्याचाच भाग: वजन उतरवण्यासाठी जेवण तोडून अंतर वाढवणं हाडांना सर्वांत महाग पडतं.

गुडघ्यांची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. 2017 मधल्या एका एकत्रित विश्लेषणात गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचं प्रमाण हौशी धावपटूंमध्ये 3.5 टक्के, बैठं जीवन असणाऱ्यांत 10.2 आणि स्पर्धात्मक धावपटूंमध्ये 13.3 टक्के आढळलं. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, हेही यात आलं. तरी माफक धावण्याने गुडघे झिजतात या समजुतीला हे आकडे दुजोरा देत नाहीत.

वेळेचं काय करायचं, हा प्रश्न मास्टर्स अॅथलेटिक्सने आपल्यापुरता सोडवला आहे. तिथे वयाच्या 35 पासून दर पाच वर्षांचा गट असतो, आणि एज ग्रेडिंगच्या कोष्टकात तुमची वेळ त्या वयाच्या आणि लिंगाच्या प्रमाण वेळेशी ताडून टक्केवारी मिळते. पंचेचाळीसाव्या वर्षी 58 टक्के आणि बावन्नाव्या वर्षी 60 टक्के असतील, तर घड्याळात तुम्ही मंदावला असलात तरी वयाच्या हिशेबात सुधारला आहात. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी 2004 मध्ये 73 व्या वर्षी मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटं 48 सेकंदांत पूर्ण केली, आणि 2016 मध्ये 85 व्या वर्षी चार तासांच्या आत. बारा वर्षांत त्यांच्या वेळेत तासाभराची भर पडली. दोन्ही वेळा तो त्यांच्या वयोगटाचा जागतिक विक्रम होता.

एक सीमा मात्र सरावाने चाचपून पाहायची नसते. पस्तिशीनंतर व्यायामादरम्यान येणाऱ्या आकस्मिक मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण हृदयाच्या धमन्यांमधले अडथळे हे आहे, आणि चांगला पेस त्यापासून संरक्षणाची हमी देत नाही. धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, भोवळ, ठोक्यांची अचानक बिघडलेली लय, किंवा नेहमीच्या हलक्या वेगालाही न ओळखीचा दम यांपैकी काहीही जाणवलं तर तिथेच थांबा आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्या. थांबल्यावर बरं वाटलं, तरी तपासणी होईपर्यंत पुन्हा धावू नका. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा घरात कमी वयातल्या हृदयविकाराचा इतिहास असेल, तर ही तपासणी जोराचा सराव सुरू करण्याआधीच करून घ्यावी.