वारसा वास्तू दुरुस्ती : कारागीर प्रशिक्षण (नागपूर)

जुन्या गिरण्या, वाडे, देवळे आणि सार्वजनिक इमारती त्यांच्या मूळ साहित्याने व पद्धतीने दुरुस्त करता याव्यात, म्हणून तरुण गवंडी, सुतार, पाथरवट व लोहार यांना दिले जाणारे शिक्षण. ते मुख्यतः कामावर, जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली होते.

इंग्लंडमध्ये कवी व कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. इमारत नव्यासारखी करू नये, आहे ती सांभाळावी, हा तिचा आग्रह. पवनचक्क्यांसाठी तिचा वेगळा विभाग १९३१ पासून आहे; पाणचक्क्या त्यात नंतर आल्या. तिची कारागिरांसाठीची पाठ्यवृत्ती १९८७ साली सुरू झाली. निवडलेले तरुण सहा महिने ठिकठिकाणच्या चालू कामांवर फिरून शिकतात. चक्कीच्या कारागिराला लाकडी दातेरी चाकेही घडवता यावी लागतात आणि दळणाच्या दगडाला छिन्नीने टाकीही लावता यावी लागते.

त्याच वर्षी, १ जानेवारी १८७७ रोजी, नागपुरात जुम्मा तलावाजवळ जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली. ती २००२ साली बंद पडली. आज त्या आवारात मॉल आहे. म्हणजे गिरणी-दुरुस्तीचा धडा गिरवायला शहरातली सर्वांत नावाजलेली गिरणीच हाताशी नाही. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, नक्षीदार लाकूडकामाचा राजवाडा तर १८६४ च्या आगीतच गेला. तरीही महाल या जुन्या वस्तीतले सागवानी खांबांचे वाडे आणि देवळे आहेत, सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेले १९२५ चे रेल्वे स्थानक आहे. शिकण्यासाठी एवढे पुष्कळ झाले.

शिकण्यातला सर्वांत अवघड भाग चुन्याचा. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा, मुरू द्यायचा, मग रेती व सुरखी (विटांची भुकटी) घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. गूळ, बेलफळ किंवा हिरड्याचे पाणी किती घालायचे, हे मिस्त्री बहुधा तोंडी सांगतो, आणि दोन मिस्त्र्यांचे प्रमाण क्वचितच जुळते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. नागपूरच्या मे महिन्यात तो घट्ट होण्याआधीच वाळून भुसभुशीत होतो, म्हणून भिंतीवर ओली पोती टाकून पाणी मारत राहावे लागते. शिकाऊ मुलाच्या वाट्याला आधी हेच काम येते आणि ते कंटाळवाणे असले तरी टाळण्यासारखे नाही. घाईने सिमेंटचा गिलावा केला, की भिंतीतला ओलावा आतच कोंडतो, क्षार साचतात आणि काही पावसाळ्यांत मऊ वीट आतून झडू लागते. बिघाड दिसतो तो गिलावा फुगल्यावर.

सुताराचे काम त्या मानाने समजायला सोपे. खांबाचा वाळवीने खाल्लेला बुडखा तेवढाच कापायचा, जुन्या सागाचा तुकडा सांध्यात बसवायचा, उरलेला खांब जागेवर ठेवायचा. पाथरवटाला मात्र टणक काळा दगड आणि मऊ वालुकाश्म यांसाठी हात बदलावा लागतो.

आयटीआयमधल्या गवंडीकामाचा कल नव्या बांधकामाकडे, म्हणजे सिमेंटकडे आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कामावर राहून विद्यावेतन घेत शिकण्याची सोय केली, पण चुन्याचे काम शिकवायला मिस्त्री हवा आणि ते वर्षभर चालूही हवे. वारसा यादीतल्या इमारतीत फेरफार करायला नागपूरच्या वारसा संवर्धन समितीची परवानगी घ्यावी लागते. परवानगी मिळाली, निविदेत चुना लिहिलेला असला, तरी तो विरवणारा माणूस ठेकेदाराकडे असेलच असे नाही. आणि मजुरी चौरस फुटावर ठरली असेल, तर पोती भिजवत बसणे कुणालाच परवडत नाही.