चेतकची क्लच वायर गेली की गिअर वायर?

जुन्या, पेट्रोलवर चालणाऱ्या बजाज चेतक स्कूटरची डावी मूठ दोन कामं करते. लिव्हर दाबला की क्लच, मूठ फिरवली की गिअर. म्हणून 'गिअर पडत नाही' म्हटलं की बहुतेकांचा संशय थेट गिअर वायरवर जातो. आमच्या बाबांच्या चेतकचंही तेच झालं. गॅरेजवाल्याने दोन्ही गिअर वायर बदलल्या, पैसे घेतले, आणि स्कूटर पहिल्यासारखीच करकरत राहिली. दोष क्लच वायरचा होता.

आधी लक्षणं बघा. लिव्हर पूर्ण दाबूनही पहिला गिअर टाकताना 'खटॅक' आवाज येऊन गाडी पुढे झेपावते, तर क्लच नीट सुटत नाहीये. मूठ एका बाजूला फिरते पण दुसऱ्या बाजूला नुसती सैल हलते, वरचे गिअर पडतात आणि खाली येत नाहीत (किंवा उलट), तर गिअर वायर. त्या दोन असतात, एक इकडे ओढायला, एक तिकडे. क्लच वायर एकच, आणि जाडीला थोडी जास्त.

शंका राहिली तर इंजिन बंद करून गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचं चाक हाताने हलवत मूठ फिरवा. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सगळे गिअर सहज पडले, तर गिअर वायरला हात लावू नका. मग गिअरमध्येच क्लच दाबून चाक फिरवून बघा. ते अडलं, तर क्लचकडे बघायचं.

क्लच वायरच जास्त का तुटते? गिअर टाकताना लिव्हरही मुठीबरोबर फिरतो. पहिल्या गिअरला वर जातो, चौथ्याला खाली येतो. लिव्हरच्या निप्पलजवळ (तारेच्या टोकाचा धातूचा गोळा) तार रोज तिथेच वाकते आणि एकेक धागा तुटत जातो. लिव्हरमधून वायर काढून बघितली, की निप्पलच्या तोंडाशी झाडूसारखे उभे राहिलेले धागे दिसतात. असे दोन-तीन जरी दिसले, तरी लगेच बदला.

बदलायला क्लच वायर सोपी. इंजिनाखाली क्लच आर्मपाशी (वायर जो छोटा दांडा ओढते तो) स्क्रू ढिला करायचा, जुनी तार हँडलकडून ओढायची, नवीला तेल लावून आत सारायची. बाहेरचं कव्हर दबलेलं नसेल तर तेच ठेवा. कव्हरही बदलायचं असेल, तर जुनी तार आत तशीच ठेवा. तिच्यावरूनच नवं कव्हर सरकत जातं. गिअर वायरला मात्र हँडलचं झाकण आणि इंजिनाजवळचा सिलेक्टरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) डबा उघडावा लागतो. दोन्ही एकदम सोडू नका, आणि सोडण्याआधी एकीला रंगीत दोरा बांधा. अदलाबदल झाली तर मूठ उलटी चालते.

क्लच लिव्हरला दोनेक मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, ठेवा. वायर फार आवळली तर क्लचच्या प्लेटा घसरतात, इंजिन ओरडतं पण वेग येत नाही. जास्तीची तार मात्र लगेच कापू नका. नवी वायर पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडी बसते आणि पुन्हा ओढून घ्यावी लागते.