फ्लेअर्ड मडगार्ड आणि चाकांची निवड

जुन्या मोटारीला मूळ चाकांपेक्षा रुंद चाके लावली की टायर पत्र्याबाहेर डोकावतो. तो झाकण्यासाठी मडगार्डाची कड बाहेर ओढून, किंवा वरून वेगळा तुकडा जोडून जी फुगीर कमान करतात, तिला फ्लेअर्ड मडगार्ड किंवा नुसते फ्लेअर म्हणतात. ओव्हरफेंडर हे त्याचे जपानमध्ये रुळलेले नाव. फ्लेअर आणि चाक हे दोन वेगळे खर्च वाटले तरी निर्णय एकच असतो. बहुतेक फसलेल्या गाड्यांची गोष्ट सारखीच असते : आधी फ्लेअरचा संच विकत घेतला आणि मग तो भरून काढणारे चाक शोधत बसले. क्रम उलटा हवा. आधी टायर ठरवावा, मग रिम, आणि शेवटी त्याला झाकेल एवढेच फ्लेअर.

या आकाराचा उगम शर्यतींत आहे. 1960 नंतर शर्यतीचे टायर झपाट्याने रुंद होत गेले, पण उत्पादित गाड्यांच्या वर्गात टायर बॉडीखाली झाकलेला असावा ही अट कायम राहिली. त्यामुळे कारखान्यांनी रस्त्यावरच्या गाड्यांनाच रुंद कमानी देऊन त्यांना शर्यतीची मान्यता मिळवली. पोर्शेच्या 1973 च्या 911 कॅरेरा आरएसला पुढे 6 इंची आणि मागे 7 इंची फुक्स बनावटीची चाके होती, टायर पुढे 185 आणि मागे 215 मिमी रुंद, आणि फक्त मागची मडगार्डे रुंद केली होती. निसानने 1970 च्या ऑक्टोबरात आणलेल्या दोन दारी स्कायलाइन जीटी-आरच्या मागच्या कमानींवर काळी ओव्हरफेंडर कारखान्यातूनच बसवलेली होती. 1973 च्या पुढच्या पिढीतल्या जीटी-आरला ती चारही चाकांवर आली, पण त्या गाड्या जेमतेम 197 बनल्या. बीएमडब्ल्यूची 2002 टर्बो त्याच वर्षाची. तिचीही फ्लेअर वरून जोडलेली आणि जोड उघड दिसणारी. हे उघडे जोड पुढे शैलीच होऊन बसले.

निवडीचा सगळा गुंता समजून घ्यायला डॅटसन 240झेड ही सर्वांत चांगली गाडी. 1969 मध्ये जपानात फेअरलेडी झेड या नावाने आलेल्या या मालिकेच्या गाड्यांना 14 इंची, अवघी साडेचार इंच रुंद चाके आणि 175 चे टायर होते. लांब बॉनेट आणि मागे उतरते छप्पर या देहाला ती चाके लहान वाटत. पीट ब्रॉकच्या बीआरई या शर्यत-संघाने याच गाडीवर जॉन मॉर्टन या चालकाला घेऊन एससीसीए या अमेरिकेतील मोटारशर्यत संस्थेची सी-प्रॉडक्शन वर्गातली अजिंक्यपदे 1970 आणि 1971 अशी लागोपाठ जिंकली. निसानने 1971 मध्ये जपानसाठी 240झेडजी काढली. तिला लांब फायबरचे नाक आणि रिव्हेटने ठोकलेली ओव्हरफेंडर होती. नाकामुळे लांबी 190 मिमी वाढली. रुंदी 1630 वरून 1690 मिमी झाली, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम 30 मिमी. आज बाजारात मिळणारे बहुतेक संच याहून बरेच रुंद असतात. तरीही झेडवर सर्वांत शोभते ती हीच 30 मिमीची कमान, कारण तिच्याखालून दारावरची मूळ रेघ हरवत नाही.

चाकाचे गणित : चाक ओळखायला चार गोष्टी लागतात – व्यास, रुंदी, नटांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी, आणि ऑफसेट. झेडचा पीसीडी चार नटांचा, 114.3 मिमी. फोर्ड एस्कॉर्टचा चार नटांचाच, पण 108. जुन्या 911 चा पाच नटांचा, 130. यात जवळपास चालत नाही. एक-दोन मिलिमीटर चुकले तरी नट तिरका बसतो. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे चाक जिथे बोल्टने बसते त्या भागाला, टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर. शून्य ऑफसेटला दोन्ही रेषा एकच असतात. अधिक (+) ऑफसेटचे चाक आत सरकते, उण्याचे (-) बाहेर येते.

समजा गाडीवर 6 इंची, +20 ऑफसेटचे चाक आहे आणि त्याऐवजी 8 इंची, शून्य ऑफसेटचे लावायचे आहे. 6 इंचाचा अर्धा भाग 76 मिमी, त्यातून 20 वजा केले की बाहेर 56 आणि आत 96 मिमी उरतात. 8 इंचाचा अर्धा भाग दोन्हीकडे सुमारे 102. म्हणजे नवे चाक बाहेर 45 मिमी वाढले आणि आत फक्त 5. याच 8 इंची रिमचा ऑफसेट +20 ठेवला तर बाहेरची वाढ 25 वर येते, पण आतली तेवढीच, 25 होते. फ्लेअर किती रुंद हवे हे या दोन आकड्यांवर ठरते. वर हेही लक्षात ठेवावे की रिमची रुंदी टायर बसतो त्या खाचेत मोजतात. कडा धरल्यास प्रत्यक्ष रिम साधारण इंचभर जास्त रुंद असते.

बाहेरची जागा फ्लेअरने विकत घेता येते, आतली नाही. झेडला पुढे-मागे दोन्हीकडे स्ट्रट, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि त्याभोवती स्प्रिंग असे उभे खांब आहेत आणि स्प्रिंगची बशी टायरच्या आतल्या खांद्याला अगदी लागून असते. म्हणून रुंद टायर हवा असणारे आधी कमी व्यासाच्या स्प्रिंगचे कॉइलओव्हर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगची एकत्र जोडणी) बसवतात. उंचीचे गणितही जुळावे लागते. मूळ टायरचा व्यास सुमारे 635 मिमी. 225/50 आर16 (रुंदी 225 मिमी, बाजूची उंची तिच्या 50 टक्के, रिम 16 इंची) चा भरतो 631, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरचा अंदाज बिघडत नाही. 225/50 आर15 मात्र 606 वर येतो. गाडी खाली बसलेली दिसते, पण इंजिन तेवढ्याच वेगाला जास्त फिरते आणि कमान वर रिकामी राहते. जुन्या गाडीला 17-18 इंची चाक शक्यतो टाळावे. टायरची बाजू पातळ होते, आणि त्या काळाच्या देहाला जाड टायरच शोभतो.

मापे कागदावर जुळली तरी गाडीवर पाहिल्याशिवाय पत्र्याला हात लावू नये. गाडी स्टँडवर घेऊन एका कोपऱ्याची स्प्रिंग काढतात, चाक नुसते बसवतात आणि जॅकने सस्पेंशन बंप स्टॉपला, म्हणजे त्याची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबराला, टेकेपर्यंत उचलतात. मग स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. टायर आणि पत्र्यामध्ये मऊ मातीचे गोळे चिकटवले तर नेमके कुठे घासते ते ठशांवरून समजते. पुढच्या चाकाच्या बाबतीत ती जागा बहुधा कमानीचा मागचा-खालचा कोपरा किंवा बंपरकडचे टोक असते. फ्लेअरने झाकलेला वरचा भाग नव्हे. फ्लेअरचा पुठ्ठ्याचा नमुना आधी मास्किंग टेपने लावून पाहावा, आणि दहा पावले मागे जाऊन पाहावे. कमानीचे वर्तुळ आणि चाकाचे केंद्र जुळले नाही तर कितीही महागडे फ्लेअर चिकटवल्यासारखे दिसते.

पत्रा कापणे : पुढचे मडगार्ड बोल्टने जोडलेले असते. चुकले तर दुसरे बसवता येते. मागचे मात्र बॉडीचाच भाग आहे, आणि तिथे एकदा कात्री चालली की परतीचा रस्ता नाही. मागच्या कमानीत बाहेरचा पत्रा आणि आतली चाकाची घळ हे दोन पत्रे कडेला स्पॉट-वेल्डने जोडलेले असतात. ती कड कापली की दोन्ही सुटे होतात. म्हणून आधी फक्त बाहेरचा पत्रा नव्या रेषेवर कापतात, आतल्या पत्र्याला थोड्याथोड्या अंतरावर चिरा देऊन पट्ट्या करतात, त्या ठोकत वर-बाहेर वळवून बाहेरच्या पत्र्याला भिडवतात आणि सलग वेल्ड करतात. मग सीलर, मग रंग. हे न करता नुसते कापून वरून फायबर ठोकणारे गॅरेज सोडून द्यावे. पाणी, चिखल थेट दोन पत्र्यांच्या मधे शिरतो आणि झेड तर तिथेच आधी गंजते. गंज फ्लेअरखाली दिसत नाही. दिसतो तेव्हा पत्रा हाताने तुटण्याच्या अवस्थेत असतो.

फ्लेअर फायबरचे, प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे असते. फायबर स्वस्त आणि हलके, पण साच्यातून निघालेल्या दोन बाजू क्वचितच सारख्या असतात. घासून बसवण्यात खरा वेळ जातो. फ्लेअर आणि बॉडीच्या मधे रबराची पट्टी आणि दिसणारे बोल्ट ठेवले तर दुरुस्ती सोपी होते. जोड पुट्टी भरून सपाट करण्याचा मोह आवरावा. फायबर आणि पत्रा उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे रंगाला बरोबर त्या रेषेवर तडा जातो. लोखंडी पत्रा ठोकून वेल्ड केलेले फ्लेअर सर्वांत टिकाऊ, आणि त्यासाठी डेंटरचा हात तेवढा चांगला लागतो.

चाकाच्या नमुन्यांत आठ आऱ्यांची घराणी जुन्या गाड्यांवर हुकमी ठरली आहेत : ब्रिटिश गाड्यांवर मिनिलाइट, जपानी गाड्यांवर वातानाबे. बीआरईच्या झेडवर अमेरिकन रेसिंगची चार आऱ्यांची लिब्रे चाके होती. तीन तुकड्यांत जोडलेल्या रिमचा फायदा असा की हवी ती रुंदी आणि ऑफसेट करून मिळतो, म्हणजे चाकासाठी फ्लेअर बदलावे लागत नाही.

चाक बाहेर सरकवण्याची किंमत चालवताना मोजावी लागते. टायर जमिनीला टेकतो ती जागा स्टीअरिंगच्या अक्षापासून दूर जाते, त्यामुळे खड्ड्यात आणि ब्रेक लावताना स्टीअरिंग हाताला हिसके देते. व्हील बेअरिंगवर भार वाढतो. तरफ लांबल्याने त्याच स्प्रिंगा मऊ वाटू लागतात. स्पेसर (चाक आणि हबमधली जाड चकती) घालायचाच असेल तर हबवर घट्ट बसणारा घ्यावा आणि नटाला पुरेसे आटे मिळतात का ते मोजावे.

कायद्याचा विचार पत्रा कापण्याआधीच करावा. जपानमध्ये नोंदलेल्या रुंदीपेक्षा 2 सेंमीहून जास्त फरक पडला की गाडी नव्याने तपासून नोंदवावी लागते. भारतात मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ नमुन्यापासून बदलणाऱ्या फेरफारांना मनाई करते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी दिली. तिची अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. कुर्ल्यात बनलेल्या फियाट 1100 आणि पद्मिनींपैकी सुरुवातीच्या गाड्या आता या वयात आल्या आहेत. पद्मिनीला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, त्यामुळे आतली जागा पाट्यापाशीच संपते आणि रुंद चाक घ्यायचे तर ते बाहेरच येणार, म्हणजे मागचा पत्रा कापावा लागणार. अशा गाडीला मूळ कमानीत मावेल एवढेच चाक घ्यावे आणि जुनी चाके नटांसकट जपून ठेवावीत.