सैन्याने मागवलेला संत्र्याचा रस

1945 साली अमेरिकी लष्कराने बोस्टनच्या नॅशनल रिसर्च कॉर्पोरेशनकडे संत्र्याच्या रसाची 5 लाख पौंड, म्हणजे सव्वादोन लाख किलोंहून जास्त, पावडर मागितली. या कंपनीचा फळांशी काही संबंध नव्हता. तिचं काम व्हॅक्युमचं, म्हणजे पंपाने हवा ओढून दाब कमी करण्याचं; युद्धात पेनिसिलिन आणि रक्तातला प्लाझ्मा उष्णतेने खराब न होता वाळवायचं तंत्र तिच्याकडे होतं. तेच रसावर वापरायचं, असं ठरलं.

लष्कराला हवं होतं क जीवनसत्त्व. आधी सैनिकांच्या के-रेशनच्या, म्हणजे आघाडीवर खायच्या तयार जेवणाच्या, पाकिटात लिंबाच्या सरबताची पूड असायची. क जीवनसत्त्व त्यात होतं, पण पूड इतकी आंबट की पुष्कळ जण ती सरळ फेकून देत. हिशेबात जीवनसत्त्व पूर्ण, पोटात काही नाही. म्हणून चवीचा प्रश्न सरकारी खर्चाने सोडवावा लागला, आणि तो सोपा नव्हता.

बासुंदीसारखा उघड्या भांड्यात रस आटवला तर तो काळपटतो, त्याला शिजल्याचा वास येतो. हवेचा दाब नेहमीच्या 760 वरून 25 मिलिमीटर पाऱ्यावर आणला, तर पाणी 26 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. रस शिजत नाही. पण सुगंधी द्रव्यं पाण्याच्याही आधी उडतात आणि पंप ती ओढून नेतो. उरतो गोड-आंबट, बिनवासाचा पाक.

यावरची युक्ती फ्लोरिडात मॅकडॉवेल, मूर आणि ॲटकिन्स या तीन संशोधकांनी काढली. 12 ब्रिक्सचा (म्हणजे 100 ग्रॅममध्ये साधारण 12 ग्रॅम विद्राव्य घटक असलेला) रस हवा त्यापेक्षा जास्त, 55 ब्रिक्सपर्यंत आटवायचा आणि मग त्यात ताजा रस घालून 42 वर आणायचा. 100 किलो रसातून 78 किलो पाणी काढलं की 22 किलो पाक उरतो. त्यात साडेनऊ किलो ताजा रस गेला की वास परत येतो. हे उणे 18 अंशांना गोठवायचं. पिताना एक डबा रसाला तीन डबे पाणी. 1948 मध्ये मिळालेलं याचं पेटंट अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नावावर होतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच, आणि तिला एकही नवं यंत्र लागत नाही.

ऑगस्ट 1945 मध्ये युद्ध संपलं आणि लष्कराची ऑर्डर रद्द झाली. पावडर तशीही त्रासदायक होती. रसातली साखर हवेतली ओल शोषते, थोड्याच वेळात पुडीचा चिकट गोळा होतो. डब्यात ओल शोषणारी पुडी ठेवावी लागते. कंपनीने पावडर सोडून गोठवलेला रस धरला. त्यातूनच मिनिट मेड ही रसाची कंपनी उभी राहिली.

सुरुवातीला बिघडलंही बरंच. कमी तापमानाला आटवल्यामुळे रसाला दाटपणा देणारं पेक्टिन तोडणारं एन्झाइम सक्रिय राहायचं. मग गढूळपणा खाली बसून वर नुसतं पाणी दिसायचं, कधी डब्यात जेली व्हायची. कोमट यंत्रात रस बराच वेळ फिरला की लॅक्टिक जिवाणू वाढत आणि रसाला ताकाचा वास येई. इलाज म्हणजे आधी काही सेकंद 90 अंशांच्या आसपास तापवून लगेच थंड करणं.

हेच तंत्र उचलून नागपूर किंवा काटोलला आणलं तर भागतं का? पूर्णपणे नाही. आपलं संत्रं सैल सालीचं मँडरिन. त्याचा रस काढल्यावर गोड लागतो आणि तासाभरात कडवट व्हायला लागतो, हे नागपुरात घरोघरी माहीत आहे. फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांमध्ये लिमोनिनचं चव नसलेलं पूर्वरूप असतं. पापुद्रे फाटले की ते रसातल्या आम्लाला भेटतं आणि त्याचं कडू लिमोनिन होतं. दशलक्षात सुमारे सहा भाग एवढंही जिभेला कळतं. रस तापवला तर बदल आणखी झपाट्याने होतो, म्हणून ‘उकळून टिकवू’ हा उपाय उलटतो. वासासारखं लिमोनिन उडूनही जात नाही. आटवताना ते पाकातच राहतं, आणि वरून घातलेला ताजा रस स्वतःचं आणखी घेऊन येतो.

मग करायचं काय? फळ पूर्ण पिकलेलं घ्यावं, कारण पिकताना झाड या द्रव्याला ग्लुकोज जोडून त्याचा कडूपणा घालवतं. रस काढताना फळावरचा दाब हलका ठेवावा, बी फुटू देऊ नये, चोथा लगेच वेगळा करावा. एवढ्यानेही कडूपणा राहिलाच तर रेझिनचा खांब, म्हणजे लिमोनिन धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांनी भरलेली उभी नळी. रस आधी सेंट्रिफ्यूजमधून (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातून) काढून त्यातला गर आणि तेल घालवावं लागतं, नाहीतर खांब तुंबतो. पहिल्या रसातलं लिमोनिन रेझिन झटकन पकडतं. मग ते भरत जातं आणि बाहेर येणारा रस पुन्हा कडू लागतो. म्हणून दर थोड्या वेळाने नमुना तपासावा आणि कडवटपणा जाणवताच खांब सौम्य कॉस्टिक सोड्याने, मग भरपूर पाण्याने धुऊन पुन्हा वापरावा.