ऑझी स्मिथ: अडवलेल्या धावांचा धनी

बेसबॉलमध्ये धाव काढताना ओळीने गाठायच्या ठिकाणांना बेस म्हणतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाला शॉर्टस्टॉप. ही जागा मुळात नव्हतीच. 1850 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबचे डॉक अ‍ॅडम्स तिथे उभे राहू लागले. तेव्हाचा चेंडू इतका हलका असे की लांबून फेकलेला आतपर्यंत पोचत नसे. मध्ये कुणीतरी तो घेऊन पुढे द्यावा लागे. चेंडू कठीण झाला, तसा शॉर्टस्टॉपही आत सरकला. उजव्या हाताच्या फलंदाजांचे सरपटी फटके सर्वाधिक त्याच्याकडेच येतात. म्हणून त्याची फलंदाजी बेताची असली तरी संघ चालवून घेत.

ऑझी स्मिथ याच परंपरेतला. जन्म 1954 चा, अलाबामातल्या मोबीलचा. वाढला लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत. लहानपणी उताणा पडून, डोळे मिटून चेंडू वर उडवायचा आणि न बघता झेलायचा.

20 एप्रिल 1978. सॅन दिएगो पाद्रेसकडून त्याचा पहिलाच हंगाम. अटलांटाच्या जेफ बरोजचा फटका दुसऱ्या बेसमागे निघाला. स्मिथने डावीकडे सूर मारला आणि नेमका तेव्हाच चेंडू टप्पा घेऊन त्याच्या मागच्या बाजूला उसळला. हवेत असतानाच त्याने उघडा उजवा हात मागे नेला, चेंडू धरला, उठला आणि पहिल्या बेसवर फेकून बरोजला बाद केलं. माझ्या मते त्या जागेवरचा याहून सुंदर क्षण नाही.

1980 मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी होती .230 (हजार संधींत 230 यशस्वी फटके, म्हणजे बेताचीच), पण फेकीने गडी बाद करण्यातले असिस्ट 621. शॉर्टस्टॉपसाठी एका हंगामातला हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. 1982 पासून तो सेंट लुईस कार्डिनल्सकडे आला आणि त्याच वर्षी संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली. उत्तम क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार ओळीने 13 मिळाले.

1985 मध्ये उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. शस्त्रक्रिया न करता, पुढे धावत चेंडू गाठून झटकन सोडण्याची सवय लावून घेत तो खेळत राहिला. तो दोन्ही बाजूंनी फलंदाजी करायचा. त्याच वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध नवव्या डावात त्याने डाव्या बाजूने होमरन (थेट सीमेपार गेलेला फटका) मारून सामना जिंकला. डाव्या बाजूने 3,009 वेळा फलंदाजी केल्यावरचा हा पहिलाच!

1996 मध्ये तो निवृत्त झाला. 19 हंगामांत होमरन अवघे 28. तरी 2002 मध्ये पहिल्याच मतदानात, 91.7 टक्के मतांनी, तो बेसबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.