बेसबॉल पंचांचे व्यावसायिक आचरण

बेसबॉलच्या पंचाने मैदानावर आणि मैदानाबाहेर कसे वागावे, यासंबंधीचे लिखित नियम व पंचांच्या पिढ्यांनी रुळवलेले संकेत. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या नियमपुस्तकाचा आठवा विभाग पंचांविषयी आहे. त्याला जोडलेल्या सर्वसाधारण सूचनांचा सूर कायद्यापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्याचा वाटतो. खेळाडूंशी गप्पा नकोत. गणवेश नीटनेटका ठेवा. क्लबच्या अधिकाऱ्यांशी सौजन्याने वागा, पण सलगी नको. पेच पडलाच तर दहा मिनिटे खेळ थांबवून पुस्तक उघडा. आणि एका संघाविरुद्ध चुकीचा निर्णय गेला म्हणून पुढचा निर्णय त्याच्या बाजूने देऊन फिटंफाट करू नका. ही शेवटची सूचना पाळायला सर्वांत अवघड असावी.

क्रिकेटचा पंच अपील झाल्याखेरीज फलंदाजाला बाद देत नाही. होम प्लेटमागे, म्हणजे बॅटर (फलंदाज) उभा राहतो तिथल्या जमिनीतल्या पाटीमागे, उभ्या असलेल्या बेसबॉल पंचाला ती सवलत नाही. बॅटरने सोडून दिलेल्या प्रत्येक चेंडूवर त्याला ‘स्ट्राइक’ (ठरलेल्या पट्ट्यातून गेलेला) की ‘बॉल’ (पट्ट्याबाहेरचा) हे सांगावे लागते, आणि असे चेंडू एका सामन्यात सहज शंभराच्या वर जातात. दर वेळी कोणीतरी नाराज होतेच. म्हणून पंचाच्या वृत्तीचा पाया शरीराच्या सवयींत घातला जातो. खेळ दिसेल अशी जागा आधी पकडायची, निर्णय नंतर. पहिल्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्या बॅटरने गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, डोळे बेसला टेकणाऱ्या पायावर असतात आणि चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज कान टिपतो. हात वर जातो तो क्षणभर थांबून. चेंडूंची मोजणी करणारे छोटे यंत्र डाव्या हातात असते आणि मुखवटाही डाव्याच हाताने काढायचा, म्हणजे खुणेसाठी उजवा मोकळा राहतो. छोट्या ब्रशने होम प्लेट झाडताना पंच पाठ पिचरकडे (गोलंदाजाकडे) करून वाकतो. प्लेटमागच्या प्रेक्षकांना पाठमोरे होऊ नये, हा जुना शिष्टाचार.

वाद हा या खेळाचा जुनाच भाग. नियमानुसार पंचाने स्वतःच्या अंदाजाने दिलेला निर्णय अंतिम असतो. स्ट्राइक-बॉलवरून हुज्जत घालायला कोणी जागा सोडून आले, तर त्याला मैदानाबाहेर काढता येते. मेजर लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगमध्ये 1905 ते 1941 पंचगिरी केलेले बिल क्लेम बुटाने मातीत रेघ ओढत आणि ती ओलांडणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवत. आजच्या प्रशिक्षणात असा दरारा शिकवला जात नाही. बोलू द्यावे, आवाज चढवू नये, वळून निघालेल्या खेळाडूच्या मागे जाऊ नये. प्रकरण चिघळले तर जोडीदार पंचाने मध्ये पडावे. मात्र त्याच जोडीदाराने, विचारल्याशिवाय, सहकाऱ्याच्या निर्णयावर बोलायचे नाही.

चूक झाल्यावर काय करावे, याचा दाखला म्हणून 2 जून 2010 चा डेट्रॉइटमधील सामना सांगितला जातो. डेट्रॉइटचा पिचर आर्मांडो गालारागा याने क्लीव्हलंडचे 26 बॅटर ओळीने बाद केले होते. सत्ताविसाव्याला पहिल्या बेसवर पंच जिम जॉइस यांनी ‘सेफ’ (नाबाद) दिले. तो स्पष्ट बाद होता. तेव्हा चित्रफीत पाहून फक्त होमरनचे (क्रिकेटच्या षटकारासारख्या फटक्याचे) निर्णय तपासता येत, त्यामुळे तो निर्णय तसाच राहिला आणि परिपूर्ण सामन्याचा, म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर कोणालाही बेसवर पोहोचू न देता बाद करण्याचा, दुर्मीळ मान हुकला. जॉइस यांनी नंतर चित्रफीत पाहिली, चूक उघडपणे कबूल केली आणि गालारागाची समक्ष माफी मागितली. दुसऱ्या दिवशी प्लेटमागे तेच होते. संघाची यादी द्यायला गालारागाच आला, तेव्हा जॉइस डोळे पुसत होते. व्हिडिओ तपासणीची व्याप्ती 2014 मध्ये वाढली.

अचूकता म्हणजे आचरण नव्हे, याचे उदाहरण उलट बाजूने मिळते. पंच पॅट होबर्ग यांनी 2022 च्या वर्ल्ड सीरिजमधील (मेजर लीगच्या अंतिम मालिकेतील) दुसऱ्या सामन्यात प्लेटमागून एकाही चेंडूचा निर्णय चुकवला नाही, असे स्वतंत्र विश्लेषकांनी मोजले. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. कारण होते बेसबॉलवर सट्टा लावणाऱ्या मित्राशी सामायिक असलेली सट्ट्याची खाती. त्यांनी स्वतः बेसबॉलवर पैसे लावल्याचा किंवा निकाल फिरवल्याचा पुरावा सापडला नव्हता. तरीही शिक्षा टळली नाही, आणि ती रास्तच म्हणावी लागेल: पंचाबाबत संशयाला जागा उरणे हेच पुरेसे नुकसान असते.

2026 च्या हंगामापासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येते. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन संधी मिळतात; आव्हान बरोबर ठरले तर संधी शिल्लक राहते. बॅटर, पिचर किंवा कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) यांनीच, डगआउटच्या (संघाच्या बाकावरील मंडळींच्या) मदतीशिवाय, डोक्याला हात लावून लगेच खूण करायची असते. चेंडूचा मार्ग मैदानातल्या मोठ्या पडद्यावर उमटतो आणि चुकलेला निर्णय भरल्या मैदानासमोर बदलतो. पुढचा चेंडू काही सेकंदांत येणार असतो, आणि पंच पुन्हा कॅचरच्या मागे वाकून उभा राहतो.