इंजिन-इंजिन बुद्धिबळ सामने : समान अटी आणि जेतेपदाचा तोरा

इंजिन-इंजिन सामने : माणसाच्या मदतीविना दोन बुद्धिबळ-प्रोग्राम एकमेकांशी खेळतात ते सामने. बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामला खेळाडूंच्या बोलीत ‘इंजिन’ म्हणतात. हरल्याचे दुःख इंजिनाला नसते, जिंकल्याचा तोराही नसतो. ते दोन्ही त्याच्या कर्त्याकडे, ते विकणाऱ्या कंपनीकडे आणि अलीकडे रात्र-रात्र जागून डाव पाहणाऱ्या चाहत्यांकडे असते. म्हणून गेली साठ वर्षे या सामन्यांत निकालाइतकाच, पुष्कळदा निकालाहून जास्त, काथ्याकूट अटींवर झालेला आहे.

पटावर दोन माणसे बसली की एकाचे डोके दुसऱ्यापेक्षा तल्लख आहे अशी हरकत कोणी घेत नाही. इंजिनांच्या बाबतीत नेमकी तीच हरकत पहिली येते. खेळतो तो प्रोग्राम, पण त्याच्याखाली यंत्र असते, हाताशी सुरुवातीच्या चालींचे पुस्तक असते, मोहरी थोडी उरली की उघडायचा तयार उत्तरांचा कोश म्हणजे टेबलबेस असतो आणि शेजारी खुर्चीत माणूस बसलेला असतो. यांतले काय दोघांना सारखे द्यायचे आणि काय ज्याचे त्याला ठेवू द्यायचे, हे ठरले की जिंकले कोण हेही निम्मे ठरून जाते.

पहिल्याच मोठ्या सामन्यात हे दिसले. नोव्हेंबर १९६६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि मॉस्कोतील सैद्धांतिक व प्रायोगिक भौतिकी संस्था यांच्या प्रोग्रामांमध्ये चार डाव सुरू झाले. चाली तारेने जात-येत आणि सामना सुमारे नऊ महिने चालला. सोव्हिएत प्रोग्राम ३–१ ने जिंकला. गंमत तपशिलात आहे. पहिल्या दोन डावांत तो तीन अर्ध्या चालींपर्यंतच (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धी चाल) पुढे पाहत होता आणि ते दोन्ही बरोबरीत सुटले; उरलेल्या दोन डावांत तो पाचपर्यंत पाहत होता आणि ते त्याने जिंकले. प्रोग्राम तोच, प्रतिस्पर्धी तोच, फक्त विचाराची खोली वाढवली. अमेरिकी प्रोग्राम निवडक चालीच तपासत असे, सोव्हिएत प्रोग्राम सगळ्या. त्यामुळे ३–१ हा एका विचारपद्धतीचा विजय म्हणायचा की जास्त हिशेब परवडल्याचा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते.

संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा १९७४ मध्ये स्टॉकहोमला झाली. तेरा प्रोग्राम होते आणि मॉस्कोच्या ‘कैसा’ने चारपैकी चारही डाव जिंकले. मात्र अमेरिकेचा बलाढ्य ‘चेस ४.०’ आणि कैसा यांची चार फेऱ्यांत गाठच पडली नाही. स्पर्धा संपल्यावर दोघांना मुद्दाम एक डाव खेळायला लावला, तो बरोबरीत सुटला. विजेतेपद कैसाकडेच राहिले, पण ‘आमच्याशी खेळून बरोबरीच झाली’ हे सांगण्याची सोय दुसऱ्या बाजूला झाली.

त्या काळी खुर्चीतल्या माणसाला, म्हणजे ऑपरेटरला, काम खूप असे. पडद्यावर किंवा टेलिप्रिंटरवर आलेली चाल वाचायची, लाकडी पटावर मोहरे हलवायचे, घड्याळ दाबायचे, समोरच्याची चाल यंत्रात भरायची. नियम असा की त्याने हात व्हावे, डोके होऊ नये. हा नियम किती शहाणपणाचा आहे ते १९७७ मध्ये टोरोंटोत कळले. ‘डचेस’विरुद्धच्या डावात शह बसल्यावर कैसाने हत्ती मध्ये घालून तो फुकट दिला. प्रेक्षकांत माजी जगज्जेते बोटविनिक होते. त्यांच्यासह सर्वांना वाटले की प्रोग्राममध्ये बिघाड झाला. कैसा तो डाव हरलाही. नंतर त्यालाच विचारले तेव्हा खुलासा झाला : राजा सरळ बाजूला नेला असता तर डचेसने वजिराचा बळी देऊन मात केली असती. ती मात सभागृहातल्या एकालाही दिसली नव्हती. ऑपरेटरला चाल ‘सुधारण्याची’ मुभा असती तर त्याने हत्ती वाचवला असता आणि मात खाल्ली असती.

ऑपरेटरचा प्रश्न सगळ्यात टोकाला गेला तो २००३ मध्ये, ऑस्ट्रियातील ग्राझच्या जागतिक स्पर्धेत. ‘श्रेडर’ हा जेतेपदाचा दावेदार ‘जॉनी’ या हौशी प्रोग्रामशी खेळत होता आणि जिंकण्याच्या मार्गावर होता. श्रेडरमधल्या एका चुकीमुळे तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आली. अशा वेळी खेळाडू बरोबरी मागू शकतो. जॉनी ज्या खिडकीत चालत होता तिने तशी सूचना पडद्यावर दाखवलीही. पण जॉनीच्या ऑपरेटरला ही बरोबरी आयती मिळालेली वाटली. त्याने ती मागितली नाही, डाव पुढे चालवला आणि श्रेडर जिंकला. स्पर्धेअखेर श्रेडर आणि ‘फ्रिट्झ’ यांचे गुण समान झाले, निर्णायक लढतीत श्रेडर जगज्जेता ठरला. तो अर्धा गुण जॉनीला मिळाला असता तर फ्रिट्झ एकटाच पहिला आला असता.

वाद अर्थातच पेटला. एका बाजूचे म्हणणे, बरोबरी मागणे हा खेळाडूचा हक्क आहे, सक्ती नाही, आणि ऑपरेटरने दिलदारी दाखवली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, खेळाडू जॉनी होता. त्याच्या बाजूने बरोबरी पडद्यावर आली होती आणि ती नाकारण्याचा अधिकार हातांना नव्हता. निकाल कायम राहिला. दिलदारी खरी होती यात शंका नाही, पण तिची किंमत तिसऱ्यानेच मोजली. स्पर्धेत दोघांपुरती दिलदारी नसते, हे माणसांच्या बुद्धिबळात सगळ्यांना ठाऊक असते. यंत्रांच्या बुद्धिबळात ते विसरले गेले, एवढेच.

यंत्राच्या ताकदीचा प्रश्न मात्र जुनाच. ‘क्रे ब्लिट्झ’ने १९८३ आणि १९८६ ची जागतिक स्पर्धा जिंकली ती क्रे महासंगणकावर. घरगुती यंत्रांना तिथे काय निभाव लागणार? त्यांच्यासाठी १९८० पासून लंडनहून वेगळी मायक्रोसंगणक स्पर्धा सुरू झाली आणि तिथे तोऱ्याला थेट बाजारभाव आला. म्युनिकच्या हेगेनर आणि ग्लासर कंपनीने आपल्या ‘मेफिस्टो’ यंत्रांना स्पर्धेच्या शहरांचीच नावे दिली : मेफिस्टो अ‍ॅमस्टरडॅम, डल्लास, रोमा, अल्मेरिया, पोर्तोरोझ, लियाँ. खोक्यावरचे नाव वाचले की जाहिरात वेगळी करायला नको.

लहान यंत्राने मोठ्याला लोळवल्याचा दाखला हवा असेल तर १९९५ ची हाँगकाँग स्पर्धा पाहावी. साध्या पेंटियमवर चालणाऱ्या फ्रिट्झने आयबीएमच्या ‘डीप ब्लू’च्या नमुना-आवृत्तीला हरवले आणि जेतेपद मिळवले. फ्रिट्झवाल्यांना हे आयुष्यभर पुरले. एका डावाने काय सिद्ध होते हा प्रश्न आहेच. दोन वर्षांनी डीप ब्लूच्या पुढच्या आवृत्तीने जगज्जेत्या कास्पारोव्हला ३½–२½ असे हरवले.

२००८ मध्ये बीजिंगला ‘रिब्का’ अनेक संगणक जोडून ४० कोअरांवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या ४० गणन-केंद्रांवर, खेळला, तेव्हा पुन्हा ओरड झाली. पुढच्या वर्षी पाम्प्लोनात आयसीजीए या आयोजक आंतरराष्ट्रीय संघटनेने आठ कोअरांची मर्यादा घातली. मग ‘सर्वोत्तम यंत्रणा पाहायची की सर्वोत्तम प्रोग्राम’ असा उलटा आक्षेप आला. २०१० पासून दोन स्पर्धा झाल्या : एकीत वाटेल ते यंत्र आणा, दुसरीत सगळ्यांना एकच यंत्र. एका भांडणातून दोन जगज्जेते निघाले.

सुरुवातीच्या चालींचे पुस्तक हा त्याहून चोरटा फायदा. ठरावीक प्रतिस्पर्ध्याची खोड हेरून, तो हमखास हरेल अशी लांबलचक चालमाला आधीच पुस्तकात भरून ठेवता येते. प्रोग्राम मग विचार न करताच जिंकतो. उलट पुस्तके काढून दोघांना आरंभस्थितीपासून खेळवले, तर आजची बलाढ्य इंजिने बरोबरीमागून बरोबरी करत राहतात. मार्टिन थोरेसन यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या टीसीईसी स्पर्धेने यावर तोडगा काढला तो असा : सुरुवात आयोजकांनी निवडायची, ती मुद्दाम थोडी एकांगी ठेवायची आणि प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवायची, एकदा या इंजिनाकडे पांढरी, एकदा त्याच्याकडे. पांढऱ्याने दोन्हीकडून जिंकले तर हिशेब फिटला. एकाने पांढऱ्याने जिंकून काळ्याने बरोबरी राखली तर त्याने काहीतरी मिळवले. भावा-भावांत वाटणी करताना एकाने भाग पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे, त्या जातीचा हा न्याय आहे.

अंकगणितही तोऱ्याच्या आड येते. १०० डावांत ५५–४५ असा निकाल लागला तर एलो या खेळाची ताकद मोजणाऱ्या मापात सुमारे ३५ गुणांची आघाडी दिसते. पण निम्मे डाव बरोबरीत असतील तर दोन्हीकडे जवळपास ५० गुणांची चूक संभवते. म्हणजे हरलेले इंजिन प्रत्यक्षात थोडे सरस असण्याची शक्यताही उरते. स्टॉकफिश या मुक्त (ज्याचा प्रोग्राम-मजकूर सर्वांना खुला आहे अशा) इंजिनाचे कार्यकर्ते म्हणूनच एकेका लहान सुधारणेसाठी ‘फिशटेस्ट’ या व्यवस्थेत स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवतात. त्यांच्या दृष्टीने दहा डावांचा सामना म्हणजे करमणूक.

आजवरची सर्वांत मोठी आरोळी डिसेंबर २०१७ मध्ये ठोकली गेली. गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फाझीरो’ने स्टॉकफिश ८ ला १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबरी, एकही हार नाही, असे हरवल्याचे जाहीर झाले. माणसांचे डाव न पाहता, काही तास स्वतःशीच खेळून ते शिकले होते. जगभर मथळे झळकले. जाणकारांनी मात्र अटी वाचल्या. प्रत्येक चालीला बरोबर एक मिनिट. त्यामुळे कठीण जागी जास्त वेळ देण्याचे स्टॉकफिशचे कसब निरुपयोगी झाले. ६४ धाग्यांवर, म्हणजे एकाच वेळी ६४ समांतर हिशेब करत, चालणाऱ्या इंजिनाला आठवणीसाठी अवघा एक गिगाबाइट. पुस्तक नाही, टेबलबेस नाही, आवृत्तीही वर्षभर जुनी. समोर अल्फाझीरोकडे त्याच्या जातीच्या हिशेबासाठी खास बनवलेल्या गूगलच्या चार टीपीयू चिपा. स्टॉकफिशच्या मूळ कर्त्यांपैकी टोर्ड रोमस्टाड यांनी हे आक्षेप उघड मांडले. डीपमाइंडने डाव दिले तेही निवडक दहाच.

वर्षभराने, डिसेंबर २०१८ मध्ये, ‘सायन्स’ नियतकालिकात पूर्ण निबंध आला. या वेळी १,००० डाव, प्रत्येकाला तीन तास आणि दर चालीला १५ सेकंदांची भर, स्टॉकफिशला ४४ कोअर आणि ३२ गिगाबाइट. अल्फाझीरो १५५ डाव जिंकले, सहा हरले, बाकी बरोबरीत. आधीच्या २८–० पुढे हा निकाल फिका दिसतो, पण वजन यालाच आहे : हार कबूल आहे, डाव पुरेसे आहेत, समोरच्याचे हात बांधलेले नाहीत. लोकांच्या तोंडी मात्र अजून २८–० च आहे.

तरी एक गाठ सुटली नाही. स्टॉकफिश साध्या प्रोसेसरवर सेकंदाला कोट्यवधी स्थिती पाहतो. न्यूरल जाळ्याचे, म्हणजे अल्फाझीरोसारखे डावांतून शिकलेले, इंजिन ग्राफिक्स चिपेवर त्या मानाने फारच थोड्या. दोघांना ‘सारखे यंत्र’ द्यायचे म्हणजे काय? सारखी किंमत, सारखी वीज, की एकाच सालातले सामान? अल्फाझीरोच्या धर्तीवर स्वयंसेवकांनी २०१८ मध्ये ‘लीला चेस झीरो’ उभी केली, तेव्हा चाहत्यांनी ‘लीला-गुणोत्तर’ नावाचे माप काढले. २०१७ च्या निबंधात स्टॉकफिश सेकंदाला सात कोटी आणि अल्फाझीरो ८० हजार स्थिती पाहत होते, भागाकार ८७५. लीलाचा वेग भागिले स्टॉकफिशचा वेग, गुणिले ८७५, हा आकडा एक आला तर सामना ‘त्या’ सामन्याइतका समतोल. ज्या सामन्याच्या अटींना सगळ्यांनी नावे ठेवली तोच वजनकाट्याचा दगड झाला! २०१९ मध्ये टीसीईसीच्या पंधराव्या हंगामात लीलाने स्टॉकफिशला ५३½–४६½ असे हरवले : १४ विजय, ७ पराजय, ७९ बरोबरी. लीलाच्या बाजूने जल्लोष झाला, स्टॉकफिशच्या बाजूने ग्राफिक्स चिपांची किंमत मोजली गेली. २०२० मध्ये अठराव्या हंगामात स्टॉकफिशने नेमक्या त्याच गुणांनी परतफेड केली.

अटी सारख्या करूनही एक गोष्ट उरते : खेळणारे इंजिन खरोखर त्याच माणसाचे आहे का? रिब्काने २००७ ते २०१० अशी सलग चार जागतिक जेतेपदे मिळवली होती. २०११ मध्ये आयसीजीएने चौकशी करून, त्यात ‘क्राफ्टी’ आणि ‘फ्रूट’ या इंजिनांतला भाग उचलल्याचा ठपका ठेवून ती चारही काढून घेतली आणि कर्ते वासिक रायलिच यांच्यावर आजन्म बंदी घातली. रायलिच यांनी आरोप फेटाळले. त्यांच्या बाजूने फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नीतिसमितीकडे तक्रार गेली. समितीने २०१५ मध्ये आजन्म बंदीच्या मुद्द्यावर आयसीजीएलाच ताकीद दिली. जेतेपदे मात्र परत आली नाहीत. फ्रूटचा स्रोत, म्हणजे मूळ प्रोग्राम-मजकूर, खुला झाल्यावर त्यातून सगळेच शिकले होते; कल्पना घेणे आणि मजकूर घेणे यांच्या मधली रेघ कुठे काढायची, हा खरा तंटा होता. २०२१ मध्ये स्टॉकफिशच्या कर्त्यांनी ‘फॅट फ्रिट्झ २’ या इंजिनावरून ते विकणाऱ्या चेसबेस कंपनीविरुद्ध मुक्त परवाना मोडल्याचा दावा लावला, २०२२ मध्ये तडजोड झाली.

आयसीजीएची जागतिक स्पर्धा २०२४ मध्ये स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे, स्टॉकहोमनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, शेवटची म्हणून भरवली गेली. मिरवण्याची जागा आता टीसीईसीसारख्या अखंड चालणाऱ्या स्पर्धांकडे गेली आहे. प्रतिस्पर्धीही पूर्वीसारखे वेगळे राहिलेले नाहीत. सप्टेंबर २०२० च्या आवृत्ती १२ पासून स्टॉकफिशने स्वतःच छोटे न्यूरल जाळे आत घेतले. हे तंत्र मुळात शोगी या जपानी खेळाच्या इंजिनांतले. पुढे त्या जाळ्याच्या शिकवणीला लीलाच्या डावांतून आलेली माहिती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आणि स्टॉकफिशची फिशटेस्ट व्यवस्था ज्यांनी सुरू केली त्या गॅरी लिन्स्कॉट यांनीच लीलाचा प्रकल्पही सुरू केला होता.